पिवळ्या रेघेचा नट

दत्तोपंतांना सकाळी साडेअकराला येणारी माणसं बिलकूल आवडत नसत. ही वेळ चहा घेऊन पेपर वाचायची. त्यात दारात उभा राहिलेला हा बुवा कोपरापर्यंत काळा! ग्रीसचे हात पोटाशी धरून तो समोरच्या स्वच्छ खुर्चीकडं नुसता बघत होता.

“बसा की,” भानुमती म्हणाली. “खुर्ची पुसता येते.”

औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकांच्या दुकानावर दोन खोल्या, बाहेर ‘भानुमती औसेकर, खासगी तपास’ अशी पाटी. अठरा वर्षं विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासून, आणि तेवढीच वर्षं साहेबलोकांशी भांडून, भानुमतीनं हा उद्योग काढला होता. दत्तोपंत तिचे सख्खे मामा. भूमापन कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते तिचे मदतनीस होते. ते स्वतःला सल्लागार म्हणवत, आणि भानुमती त्यावर काही बोलत नसे.

“मी जहांगीर,” तो माणूस म्हणाला. “पडेगावला माझं गॅरेज आहे. ताई, पाच वाजता मला ठाण्यात बोलावलंय. पाचाला आत घेणार अन् गॅरेजला कुलूप लावणार. मी काईच केलं नाय.”

‘सगळे असंच म्हणतात,’ दत्तोपंतांनी मनात म्हटलं आणि पेपर उलटला.

हकिकत अशी होती. काकासाहेब म्हणजे दौलताबाद रस्त्यावरच्या तंत्रनिकेतनाचे संस्थापक. त्यांची नवी गाडी चार महिने झटके खात होती. तीन दिवसांपूर्वी जहांगीरनं ती दुरुस्त करून दिली. आज सकाळी सव्वादहाला तंत्रनिकेतनाच्या पोर्चमध्ये ड्रायव्हर फकिरानं चावी फिरवली, आणि बॉनेटखालून आगीचा लोळ निघाला. फकिराचे दोन्ही हात भाजले. पेट्रोलच्या नळीचा नट ढिला सापडला. नळी शेवटची कोणी बसवली? जहांगीरनं. संपला तपास!

“इंजिन कुठलं?” भानुमतीनं विचारलं.

“जीडीआय.”

“या मामांना समजावून सांगा. त्यांना कळलं तर कोणालाही कळेल.”

दत्तोपंतांना मिरच्या झोंबल्या, पण जहांगीर भाबडेपणानं खरंच सांगायला लागला.

“मामा, आधीच्या गाड्यांत पेट्रोल बाहेरच फवारतात, व्हॉल्व्हच्या तोंडाशी. हवेबरोबर ते व्हॉल्व्हवरनं आत जातं, अन् जाता जाता व्हॉल्व्ह धुऊन निघतो. ह्या नव्या इंजिनात इंजेक्टरचं तोंड थेट सिलिंडरच्या आत. व्हॉल्व्हवरनं निस्ती हवा जाते. त्याला पेट्रोल लागतच नाय, म्हणून त्याच्यावर काजळी धरते.”

“मग असला उफराटा कारभार करायचाच कशाला?”

“पेट्रोल जिथं जळायचं तिथंच, जेवढं पाहिजे तेवढंच सोडता येतं. ताकद जास्ती, पेट्रोल कमी. पण टाइम लई कमी असतो मामा. डोळा मिटायच्या आत पेट्रोलचं धुकं झालं पाहिजे, तेपण आतल्या हवेच्या दाबाला रेटून. म्हणून पंप दोन. टाकीतला पंप चार-पाच बार दाबानं पेट्रोल वर पाठवतो. दुसरा इंजिनाच्या डोक्यावर, कॅमशाफ्ट त्याला ठोकत राहते. तो दोनशे बार करतो. तुमच्या स्कूटरच्या चाकात दोन बार असतील!”

“आणि ढिली सापडली ती नळी कुठली?”

“ह्या दुसऱ्या पंपाच्या पुढची. दोनशेवाली.”

“तुम्ही काय केलंत गाडीला?”

“काजळी काढली. अक्रोडाच्या कवचांचा भुगा हवेच्या जोरानं मारायचा, व्हॉल्व्ह लख्ख होतो. नळी नवीन घातली, नट मापाच्या पान्यानं कसला, अन् वरून पिवळी रेघ ओढली. अर्धी नटावर, अर्धी खालच्या गळ्यावर. वाळूजला कंपनीत नऊ वर्षं तेच केलं ताई. कसल्याबिगर रेघ नाय, रेघ मारल्याबिगर गाडी पुढं नाय. हाताला सवयच लागली.”

“गाडी झटके खात होती तेव्हा चार महिने कोणाचा इलाज चालला होता?”

जहांगीर घुटमळला. “वैजनाथ सरांचा. तिथं ऑटोमोबाईल शिकवतात. त्यांनी दर महिन्याला टाकीत व्हॉल्व्ह धुवायचं औषध टाकायला लावलं. आता पेट्रोलच तिकडनं जात नाय, तर औषध काय करणार? मी तसं बोललो तर सर नाराज झाले. मोठी माणसं आहेत ती, माझीच जीभ लांब.”

“दहावी पास आहात?”

“नापास.”

दत्तोपंतांनी भुवई उंचावली. नापास माणसानं प्राध्यापकाला शिकवायचं म्हणजे कलियुगच! भानुमतीनं मात्र पर्स उचलली होती.

“चला मामा. तुम्ही गॅरेजमध्येच थांबा, जहांगीरभाई. कशालाही हात लावू नका.”

फकिरा सरकारी दवाखान्यात होता. हातांना पट्ट्या, भुवया जळलेल्या, पण डोळे वाचले होते. बायको भागूबाई त्याला चमच्यानं पाणी पाजत होती.

“जहांगीरनं गाडी दिल्यापास्नं किती चालली?” भानुमतीनं विचारलं.

“परवा कन्नड, काल वैजापूर. दोनशेच्या वर झाली आसंल. लोन्यावानी चालली बाई. वास नाय, झटका नाय.”

“आज?”

“साडेनवाला सायबांना उतरवलं, गाडी पोर्चमदी लावली अन् गेटावर च्या प्याला गेलो. पाऊन तासानं सायेब भाईर आले. चावी फिरवली अन्…” त्यानं हातांच्या पट्ट्यांकडं पाहिलं.

“दारं बंद होती?”

“चावी खिशात व्हती. दारं उघडीच ऱ्हातात. सायबाच्या गाडीला कोन हात लावतंय?” मग त्याला काही आठवलं. “बॉनेट जरा वर वाटलं मला. मी हातानं दाबून बशीवलं.”

“आणि गेटावर कोण कोण होतं?”

“कारभारी मिस्त्री व्हता. कोन्या मास्तरची स्कूटर द्याया आल्ता.”

बाहेर पडताच दत्तोपंतांनी स्कूटरला किक मारली आणि निकाल देऊन टाकला. “कारभारी! पडेगावात जहांगीरच्या समोरच गॅरेज आहे त्याचं. त्याची गिऱ्हाइकं यानं पळवली. लहान पोरसुद्धा सांगेल.”

“म्हणूनच मी पोरांना नोकरीवर ठेवत नाही,” भानुमती म्हणाली. पुढं पडेगावपर्यंत दत्तोपंतांनी एकही खड्डा चुकवला नाही.

कारभारी मिस्त्री साठीचा, तोंडात तंबाखू, अंगात मस्ती. उघड्या हातांनी तो एक जुना कार्ब्युरेटर धूत होता. जहांगीरचं नाव निघताच तो बाजूला थुंकला.

“काल वाळूजच्या बसमधनं उतरला अन् आज इंजिनाचा डाक्टर झाला! रेघा काय वढतो, अक्रोड काय मारतो. लग्नाचा शिरा करायलाय का गाडी?”

“सकाळी तुम्ही तंत्रनिकेतनात होता.”

“व्हतो की. गेटावर. भ्यातो काय? आत गेलो नाय.”

“ती नळी तुम्ही सोडली असेल, असं लोक म्हणतायत.” लोक म्हणजे दत्तोपंत. ते जरा मागं सरकले.

कारभारी हसला. “बाई, त्या इंजिनाच्या मी वाटंला जात नाय. एक डाव हात घालाय निघालो, तर ह्यो जहांग्याच वरडत आला रस्ता वलांडून. म्हनला, चाचा, गरम गाडीची ही नळी सोडू नका. इंजिन बंद केलं तरी जोर आतच बसलेला ऱ्हातो तासन्‌तास. पिचकारी बसली तर कातड्यातनं हाडापत्तुर जाती. हे घ्या माझे हात. मला अजून वापरायचेत.”

हात स्वच्छ होते. म्हणजे घाणेरडे होते, पण धड होते.

“तुम्ही नट कशानं सोडता?” भानुमतीनं सहज विचारलं.

“मापाच्या पान्यानं. ॲडजस्टेबल पाना धरनाऱ्याला मी दारात उभा करीत नाय. नटाचे कोपरे खातो तो. कालेजातली पोरं वापरत्यात तसलं.”

तंत्रनिकेतनाच्या पोर्चमध्ये गाडी अर्धी काळी होऊन उभी होती. पहारेकऱ्यानं भिंतीवरचं अग्निशामक सिलिंडर मारून आग विझवली म्हणून अर्धी तरी उरली होती. भानुमती आरसा आणि टॉर्च घेऊन बॉनेटमध्ये वाकली. दत्तोपंतांनाही बघायला लावलं. नटाच्या खालच्या अंगाला पिवळा रंग वाचला होता. नटावरची अर्धी रेघ एकीकडं, गळ्यावरची अर्धी दुसरीकडं. नटाचे कोपरे ओरबाडलेले होते.

“म्हणजे रेघ चुकीची ओढली त्यानं,” दत्तोपंत म्हणाले.

भानुमतीनं टॉर्च बंद करून पर्समध्ये टाकला.

काकासाहेब वरच्या मजल्यावरच्या दालनात भेटले. खादीचा झब्बा, भिंतीवर स्वतःचेच सतरा फोटो. “मी त्याला वर आणणार होतो हो,” ते म्हणाले. “जूनपासून दर शनिवारी मुलांना शिकवायला ये म्हणालो. आमच्या वैजनाथसमोर, मुलांसमोर जाहीर केलं. वैजनाथची गंमतही केली. म्हटलं, चार महिने औषध पाजलंस आणि रोग भलतीकडंच! पोरं काय हसली! पण ही माणसं अशीच. बोट दिलं की आग लावतात.”

“काल त्याला वर्ग, आज त्याला तुरुंग,” भानुमती म्हणाली. “बरं चाललंय तुमचं.”

काकासाहेबांना हे नक्की कौतुक की काय ते कळलं नाही. दत्तोपंतांना कळलं, आणि त्यांना ते आवडलंही.

वैजनाथ सर तळमजल्यावर प्रयोगशाळेत होते, पोर्चपासून वीस पावलांवर. इस्त्रीचा पांढरा कोट, आणि अत्तराचा असा भपकारा की दत्तोपंतांना शिंक आली. भर दुपारी वर्गावर हा नवरदेव! फळ्यावर इंजेक्शनची आकृती होती. त्यात इंजेक्टर व्हॉल्व्हच्या बाहेर काढला होता. खडूचा रंग इतका जुना झालेला की ती फळ्याचीच झाली होती.

“मी लेखी अहवाल दिलाय पोलिसांना,” सर म्हणाले. “साधी गोष्ट आहे. नट अर्धवट कसलेला. त्यातून थेंब थेंब पेट्रोल ठिबकत राहिलं. दोन दिवस साचलं, आज पेटलं. अडाण्याच्या हातात तंत्रज्ञान दिलं की हेच होणार. रेघा ओढून का कोणी इंजिनिअर होतो?”

शिपायानं चहा आणला. वाफाळता काचेचा ग्लास सरांनी डाव्या हातानं उचलला आणि उजव्या हाताच्या पट्टी बांधलेल्या बोटानं टेकू दिला. दत्तोपंतांना स्वतःचा ग्लास दोनदा खाली ठेवावा लागला, एवढा तो तापला होता. सरांच्या बोटाला मात्र त्याचं काहीच नव्हतं.

“बोटाला काय झालं?” भानुमतीनं विचारलं.

“बाभळीचा काटा. बारीकसं भोक आहे. सकाळी कुंपणाजवळ लागला.”

“किती वाजता?”

“काट्याची वेळ कोण बघतं?”

भानुमतीनं चहा तसाच टाकला आणि ती उठली. इतक्या घाईनं उठताना तिला दत्तोपंतांनी क्वचितच पाहिलं होतं. जिन्यातच तिनं दोन फोन केले. एक फौजदारांना, एक जहांगीरला. “आत्ता या. पाच वाजेपर्यंत थांबायला वेळ नाही.”

तीन वाजता काकासाहेबांच्या दालनात सगळे जमले. फौजदार, काकासाहेब, वैजनाथ सर, आणि दाराशी उभा जहांगीर. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. भानुमतीनं स्वतः खुर्ची ओढून दिली.

“थोडक्यात सांगते,” ती म्हणाली. “सरांचा अहवाल म्हणतो की नट तीन दिवसांपासून ढिला होता, दोन दिवस थेंब थेंब ठिबकलं. थेंब थेंब ठिबकायला तो नळ नाही. त्या नळीत दोनशे बारचा दाब असतो. नट ढिला असता तर पहिल्याच चावीला फवारा उडाला असता, आणि आग लागायची ती जहांगीरच्या दारात लागली असती. गाडी कन्नड आणि वैजापूर करून आली. फकिराला वाससुद्धा आला नाही. म्हणजे नट आज सकाळपर्यंत घट्ट होता.”

“मग?” फौजदार म्हणाले.

“नटावर पिवळी रेघ आहे. कसून झाल्यावर एका ओळीत ओढलेली. आता तिचे दोन तुकडे दोन दिशांना आहेत. म्हणजे रेघ ओढल्यानंतर कोणीतरी नट फिरवला. तोही कोपरे खाणाऱ्या ॲडजस्टेबल पान्यानं. साडेनऊला गाडी पोर्चमध्ये लागली, सव्वादहाला पेटली. मधल्या पाऊण तासात कोणीतरी बॉनेट उघडलं आणि घाईत नीट लावलं नाही. फकिरानं ते हातानं बसवलं.”

“फकिरानंच केलं असेल,” काकासाहेब म्हणाले.

“आणि मग स्वतःच चावी फिरवून स्वतःचे हात भाजून घेतले? काकासाहेब, तुम्ही संस्था कशा चालवता हो?”

दत्तोपंतांना खोकला आला.

“कारभारी मिस्त्री गेटावर होता. त्याच्या मनात जहांगीरविषयी आकस आहे, तो लपवतही नाही. पण गरम गाडीची ती नळी सोडली तर काय होतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो भितो. तो मापाचाच पाना वापरतो. आणि त्याचे दोन्ही हात धड आहेत. ज्यानं हे केलं त्याला इंजिनाचे भाग कळतात, पण हे इंजिन कळत नाही. त्याच्या डोक्यात अजून जुनी गाडी आहे, तीन-चार बारवाली. नट जरा सैल केला की दोन थेंब गळतील, वास सुटेल, आणि सगळे म्हणतील, बघा, या दहावी नापासानं काय करून ठेवलं! बस, एवढंच हवं होतं त्याला. माणूस जाळायचा नव्हता. माणूस जळेल एवढीसुद्धा अक्कल नव्हती.”

“इंजिन नुकतंच बंद झालेलं. नळीत दाब तसाच. त्यानं नट सैल केला आणि पेट्रोलची सुईसारखी धार सुटली. कपड्यांवर उडालं, म्हणून वरून पांढरा कोट आणि अत्तर. बोटात घुसलं, म्हणून पट्टी. मी पुरावा शोधत नव्हते फौजदारसाहेब. मी हात शोधत होते. सर, पट्टी सोडा.”

“काटा आहे तो!” वैजनाथ सर ओरडले. “एका नापास मिस्त्रीसाठी तुम्ही माझ्यावर, वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसावर…”

“वीस वर्षं एकच आकृती. बघितली मी. काटा असता तर ठणकला असता. मघाशी उकळत्या चहाचा ग्लास त्या बोटाला टेकला होता, तुम्हाला पत्ताही नव्हता. बोट बधिर झालंय तुमचं.”

सरांनी नकळत पट्टीवर दुसरा हात ठेवला. पट्टी सरकली. बोट मेणासारखं पांढरं आणि दुप्पट सुजलेलं होतं. टोकाला टाचणीएवढं भोक.

इतका वेळ मान खाली घालून बसलेला जहांगीर ताडकन उठला. “या अल्ला! सर, हे घेऊन तुम्ही बसलात कसे? उठा! वाळूजला आमच्या लायनीवर एकाला असंच झालं होतं. बारीक भोक, रक्तपण नाय. तो घरी जाऊन हळद लावून झोपला. त्याचा पंजा काढावा लागला, सर!”

“मूर्खपणा,” सर म्हणाले, पण आवाज फाटला होता.

“पेट्रोल आत पसरत जातं. डॉक्टरला बोट चिरून धुवावं लागतं. पण तुम्ही काटा म्हणालात तर तो निस्तं मलम लावून घरी पाठवील. पेट्रोल म्हणा सर, जोरानं घुसलं म्हणा. बाकीचं काय ते नंतर बघू. मी नेतो तुम्हाला, माझी गाडी खाली आहे.”

काटा म्हणावं तर हात जातो. पेट्रोल म्हणावं तर नोकरी, इज्जत, सगळंच जातं. दत्तोपंतांना वाटलं, या माणसाची कीव यावी. पण आली नाही. त्यांना फकिराच्या पट्ट्या आठवल्या, आणि पाच वाजता आत जाणारा हा जहांगीर आठवला, जो आत्ता त्याच माणसासाठी घामाघूम झाला होता.

वैजनाथ सरांनी बोटाकडं पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जहांगीरला काहीतरी विचारलं.

“किती… किती वेळ असतो?”

“आम्हाला सहा तास सांगितले होते. त्याच्या आत टेबलावर घेतलं पाहिजे.” जहांगीरनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सव्वातीन वाजले होते. “साडेनऊपास्नं धरलं तर पंधरा मिनिटंच राहिलीत, सर.”

“साडेनऊ नाही,” वैजनाथ सर घाईघाईनं म्हणाले. “पावणेदहा.”

फौजदारांनी वहीत वेळ लिहून घेतली. जहांगीरनं सरांचा धड हात धरला आणि त्यांना घेऊन तो जिना उतरू लागला.